हॉर्न वाजवणारी कपाटं

१

लाकडी कपाटं हॉर्न वाजवत नाहीत, एवढं तर कुणीही कबूल करेल. पण त्या गुरुवारी सकाळी दहा वाजता, बंदराला लागून असलेल्या कंटेनर यार्डात, बारा कपाटं जी बोंबलायला लागली ती सात मिनिटं गप्प बसली नाहीत.

झालं होतं असं. परदेशी निघालेला एक कंटेनर क्रेननं उचलला. यार्डातली माणसं कंटेनरला डबाच म्हणतात, तेव्हा आपणही डबाच म्हणू. वाऱ्याचा झोका बसला, डबा शेजारच्या डब्यावर आपटला आणि आतून मोटारीचा अलार्म सुरू झाला. कागदावर आत होतं 'जुनं लाकडी सामान, कपाटं बारा'. सोमवारी तपासणी होऊन दाराला सील ठोकलेलं. सील जागच्या जागी, नंबरही बरोबर. फौजदारांना बोलावून सील कापलं, दार उघडलं, तर कपाट औषधालाही नाही. एक काळी कुळकुळीत मोटार डोळे मिचकावत उभी.

आता खरी मेख ऐका. ही मोटार चोरीला गेली होती बुधवारी दुपारी बाराला. सोमवारी बंद झालेल्या डब्यात बुधवारची चोरी शिरली कशी?

फौजदारांचा जादूटोण्यावर विश्वास नव्हता. दाराच्या कडीचा एक रिव्हेट, म्हणजे ठोकून पक्का केलेला खिळा, कापून, नवा बसवून, त्यावर रंग फासलेला त्यांना पाच मिनिटांत सापडला. सीलला हात न लावता दार उघडायची ही युक्ती त्यांना पाठ होती. पुढच्या पाच मिनिटांत त्यांना चोरही सापडला. दिवसा यार्डात चाळीस माणसं. रात्री आठ ते पहाटे पाच एकटाच कोण? गेटवरचा पाहुणा.

त्याला पाहुणा म्हणायचं कारण, चोरीच्या गाड्या सरहद्दीपार पोचवल्याबद्दल त्यानं चार वर्षं सरकारी पाहुणचार झोडला होता. चांगल्या वागणुकीवर सुटलेला. दुसरा गुन्हा नावावर लागला की उरलेली सहा वर्षं पुन्हा आत. फौजदारांनी त्याला घरून उचलून आणला, स्टोअररूममध्ये बसवला आणि तुरुंगाच्या गाडीला निरोप धाडला. गाडी चार वाजता येणार होती.

बारा वाजता विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाई आल्या. मोटारीची ओळख पटवायची, नुकसान बघायचं, अहवाल द्यायचा, एवढंच त्यांचं काम. पन्नाशी ओलांडलेली सडसडीत बाई. एका जागी बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "नको, मी उभीच बरी," आणि उभ्याही राहिल्या नाहीत. फिरत फिरत स्टोअररूमच्या जाळीशी गेल्या.

आत बसलेल्या पाहुण्यानं मान वर केली. ओठ न हलवता तो म्हणाला, "ताई, तू इथं यायला नको होतंस."

२

सख्खा धाकटा भाऊ. हे कंपनीला सांगायला हवं होतं, बाईंना कळत होतं. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, आणि त्यानं मोटारीचे चार फोटो काढून चहा पिऊन घर गाठलं असतं. तेव्हा सांगायला सवड मिळाली नाही, असं बाईंनी, गेटवरचा माणूस धरल्याचं सांगणारा कंपनीचा फोन ठेवता ठेवताच ठरवून टाकलं होतं.

"केलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी जेवलास का म्हणून विचारतात."

"जेवलास का? आणि केलंस का?"

"दोन्ही नाही."

बाईंनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून जाळीतून सारला. "डबा रात्री कुठं होता?"

"मी आठला आलो तेव्हा मिस्त्रीच्या शेडच्या तोंडाशी, जमिनीवर. पहाटे पाचला, उजाडायच्या आत, घारीनं दिवे लावून परत थप्पीवर चढवला. मग मी घरी गेलो."

"जवळ गेला होतास?"

"दोन फेऱ्या मारल्या. सील हलवून बघितलं, कडी ओढून बघितली."

"म्हणजे कडीवर तुझ्या बोटांचे ठसे."

"मग काय पायानं ओढायची होती? कामच आहे ते माझं." पुडा त्यानं फोडलाच नाही, नुसता हातात धरून बसला. "ताई, सहा वर्षं. चार काढली ती कशी काढली ते मला माहीत आहे. मला आता नाही जमायचं."

तो रडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो नुसता घड्याळ बघत होता.

घार म्हणजे क्रेन चालवणारी बाई. दिवसभर साठ पायऱ्या वर काचेच्या खोक्यात बसून सगळ्या यार्डावर नजर ठेवते म्हणून घार. सर्व्हेअर बाई धापा टाकत वर पोचल्या तेव्हा ती पाय पसरून सफरचंद खात होती.

"डबा खाली मी घेतला, बुधवारी दोनला," ती म्हणाली. "मिस्त्रीची चिठ्ठी होती. ही बघा, खिळ्यालाच आहे अजून." चिठ्ठीत लिहिलं होतं, 'दाराचं रबर फाटलं आहे. दुरुस्तीला खाली घेणे.' "शेडच्या तोंडाशी ठेवला. आत एक रिकामा डबा आला होता दुरुस्तीला, त्याच्या तोंडाला तोंड लावून."

"असे ठेवतात?"

"मिस्त्री म्हणेल तसे ठेवतात. मग त्यानं पडदा ओढला. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात ना, म्हणून पडदा असतो. तिथून पुढचं मला दिसलं नाही."

"आणि हे रिकामे डबे गेटवर कुणी उघडून बघतं?"

"रिकाम्यात काय बघायचं, बाई? रिकामपण?" घारीनं बी बाहेर थुंकली. "रोज साठ-सत्तर येतात. उघडत बसलं तर गेटपासून गावापर्यंत ट्रक उभे राहतील."

बाई उतरल्या. एक वाजून गेला होता. आपलं काम दाखवायला का होईना, मोटार बघणं भाग होतं. डब्यात शिरून त्या अंग चोरून मोटारीच्या कडेनं सरकल्या आणि टपावर नजर जाताच थबकल्या. काळ्या टपावर बुटाच्या टाचेचा अर्धा ठसा होता. त्याच्याशेजारी राखाडी रंगाचा एक टिपका पडला होता.

त्यांनी वर बघितलं. डब्याच्या छपराला, बरोबर त्या टिपक्याच्या वर, राखाडी लांबी लावलेली होती. भोकं बुजवायला रंगारी वापरतात तीच. रुपयाएवढी टिकली, बोट ओलं करून गुळगुळीत केलेली. बाईंनी मोटारीच्या दाराच्या काठावर पाय देऊन हात लांब केला आणि नख टेकवलं.

नख आत रुतलं. लांबी ओली होती, म्हणजे एका दिवसाहून जुनी नव्हती.

३

चोर मोटारीच्या टपावर चढून डब्याचं छप्पर कशाला लिंपत बसेल? बाईंनी तीस वर्षांत नाना चोर बघितले होते. टायर सोडून गेलेले बघितले होते, चोरलेल्या गाडीत स्वतःचं पाकीट विसरलेलाही बघितला होता. पण जाता जाता छप्पर दुरुस्त करणारा त्यांच्या खात्यावर एकही नव्हता.

मिस्त्री शेडमध्ये एका उलट्या बादलीवर बसला होता. साठीचा, हाताच्या सालपटांत रंग मुरलेला. बाईंना त्यानं आपली बादली दिली, स्वतः उभा राहिला आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. बाईंना आवडावा असाच माणूस होता तो, आणि त्याचीच त्यांना चीड येत होती.

"पाहुणा पोरगा चांगला आहे हो," तो म्हणाला. "पण जुनी सवय. रात्री एकटा असला की डोकं फिरतं माणसाचं."

"रात्रीच झालं म्हणता?"

"दिवसा कसं होईल? दिवसा आम्ही सगळे असतो." बोलता बोलता तो शेजारच्या डब्यावर बोटानं टकटक करत होता, डॉक्टर छातीवर करतात तशी. मध्येच थांबला, कान लावला, खडूनं एक फुली मारली. "इथं गंजलंय. आज ना उद्या गळणार."

"तुम्हाला नुसतं ऐकून कळतं?"

मिस्त्री खुलला. "ऐकून गंज कळतो. भोक नाही कळत. टाचणीएवढं भोक बाहेरून कुणाला दिसत नाही. त्याला एकच उपाय. आपण आत उभं राहायचं आणि बाहेरच्याला दारं लावून घ्यायला सांगायची. मिट्ट काळोख. दोन मिनिटं डोळे निवू द्यायचे. मग वर बघायचं. जिथं भोक असेल तिथं चांदणी दिसते. आतून ओरडून सांगायचं, अमुक कोपरा, छप्पर, डावी बाजू. बाहेरचा खडूनं खूण करतो. दुरुस्तीला आलेला एकही डबा मी या परीक्षेशिवाय सोडलेला नाही. गळका डबा माझ्या हातून गेला तर मला झोप लागायची नाही."

बाईंचा हात झाकणातल्या चहासकट हवेत थांबला. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. "बुधवारच्या डब्याचं दाराचं रबर बदललंत ना?"

"बदललं. चार वाजता मोकळा झालो. पुढं रात्री काय झालं ते पाहुण्याला विचारा."

सीलसाहेबांची केबिन थंडगार होती आणि टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यावर काम होत असेल असं वाटत नव्हतं. डब्यांना सील ठोकणारे ते एकटेच अधिकारी. त्यांनी बाईंना बसवून घेतलं, पाणी मागवलं, हवापाण्याची चौकशी केली.

"मी बुधवारी दुपारभर इथून हललो नाही," ते म्हणाले. "शेडकडे तर महिन्याभरात फिरकलो नसेन. धूळ सोसत नाही मला."

"डबा खाली का घेतला होता, कल्पना आहे?"

"छपराला बारीकसं भोक होतं, म्हणून. किरकोळ गोष्ट. मिस्त्री फार चिकट आहे हो असल्या बाबतीत." ते हसले. "चांगला माणूस आहे."

बाईही हसल्या. त्यांचा डावा पाय टेबलाखाली शिवणयंत्रासारखा चालला होता. तेवढ्यात दार उघडलं. फौजदार आत आले. हातात पाहुण्याच्या केसचा जुना कागद होता.

"बाई," ते म्हणाले, "याच्या घरच्यांत एक बहीण लिहिली आहे. विमा कंपनीत सर्व्हेअर."

४

सव्वातीन वाजले होते. फौजदारांनी बाईंना व्हरांड्यात नेलं. आवाज चढवला नाही, पण शब्द मोजून टाकले. "तुमची नोकरी जाईल ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही आता या यार्डात एक शब्दही विचारायचा नाही. बहिणीनं भावासाठी काय शोधून काढलं, ते कोर्टात कुणी ऐकत नसतं."

"ऐकू नका," बाई म्हणाल्या. "बघा फक्त. मला त्या डब्यात घालून दारं लावून घ्या."

"काय?"

"तुम्हीपण या आत. माझ्यावर भरवसा नाही ना, मग मला एकटीला सोडू नका."

फौजदारांनी घड्याळ बघितलं. मग, का कोण जाणे, ते आत शिरले. कदाचित सकाळपासून सगळं फारच झटपट जमत गेलं, हे त्यांनाही टोचत असावं. बाईंनी त्यांना छपरावरची लांबी आणि टपावरचा टिपका दाखवला. मग हवालदारानं बाहेरून दारं लोटली. काळोख असा की डोळे उघडे की मिटलेले, हेही कळेना.

"वर बघा. दोन मिनिटं," बाईंचा आवाज आला.

"काही दिसत नाही."

"आता ही लांबी मी काढते. ती छपराला चिकटवलेली होती हे तुम्ही मघाशी उजेडात बघितलंत, मी लावलेली नाही." मोटारीचा पत्रा करकरला. खरवडल्याचा आवाज झाला.

आणि काळोखात एक चांदणी लागली. तिच्यातून सुतासारखा किरण उतरला आणि मोटारीच्या टपावर, बुटाच्या ठशाशेजारी, टेकला.



"टपावर लांबीचा टिपका आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे भोक बुजवलं तेव्हा मोटार आत होती. बरोबर?"

"बरोबर."

"मग मला सांगा, हे भोक रात्री कुणाला दिसलं असतं?"

५

फौजदार हुशार होते, सहजासहजी हार मानणारे नव्हते. "बाहेरून बॅटरी मारली असेल."

"टाचणीएवढं भोक कुठं आहे हे माहीत नसताना? सगळ्या छपरावर एकदम दिवा धरणारा एकच आहे, आणि तो संध्याकाळी साडेसहाला मावळतो. डबा जमिनीवर होता बुधवारी दोनपासून गुरुवारी उजाडायच्या आतपर्यंत. म्हणजे मोटार आत गेली आणि भोक बुजलं ते बुधवारी दुपारी, दोन ते साडेसहा. माझा भाऊ आठला कामावर आला. गेटच्या नोंदीत आहे."

दारं उघडली. उजेडानं दोघांचेही डोळे मिटले.

"मोटार गेटमधून आली कशी पण?" फौजदारांनी विचारलं. बोलता बोलता ते शेडच्या दिशेनं वळलेही होते.

"रिकाम्या डब्यातून. तो कुणी उघडत नाही. तोंडाला तोंड लावून दोन डबे, समोर पडदा. मोटार यातून त्यात, कपाटं त्यातून यात. बारा कपाटं अजून तिथंच असतील. रिकाम्या डब्यात कोण बघायला जातंय?"

हवालदारानं शेडमधल्या त्या रिकाम्या डब्याची कडी ओढली. प्लायवूडचं एक कपाट तोल जाऊन त्याच्या अंगावर आलं.

मिस्त्री बादलीवरून उठला नाही.

"ही परीक्षा एकट्यानं होत नाही," बाई म्हणाल्या. "एक आत, एक बाहेर. तुम्ही आत होतात. बाहेरून दारं कुणी लावली?"

मिस्त्री बोटांवरचा रंग खरवडत राहिला.

"मग मीच सांगते. तुमच्या चिठ्ठीत दाराचं रबर आहे. घारीला तेवढंच माहीत, सगळ्या यार्डाला तेवढंच माहीत. छपराला भोक आहे, हे काळोखात आत उभ्या राहिलेल्याला कळलं आणि त्यानं ओरडून सांगितलं त्या बाहेरच्याला. अर्ध्या तासापूर्वी सीलसाहेब मला म्हणाले, छपराला बारीकसं भोक होतं. महिनाभर शेडकडे फिरकलो नाही असंही म्हणाले."

फौजदारांनी हवालदाराकडे नुसतं बघितलं. हवालदार केबिनकडे पळाला. सीलसाहेब मागच्या दारानं निघाले होते. धूळ सोसत नसूनही बरेच लांब पोचले होते म्हणे.

"साहेब म्हणायचे, श्रीमंतांच्या गाड्या आहेत, विमा भरून देतो," मिस्त्री हळूहळू बोलू लागला. "कुणाचं काही जात नाही. आत्तापर्यंत नऊ गेल्या."

"गाड्या जातात आणि तुमच्याच रिकाम्या डब्यांच्या फळ्यांखालून पिस्तुलं येतात," फौजदार म्हणाले. "पैशाऐवजी तिकडून तीच पाठवतात. या वर्षात त्या पिस्तुलांनी तीन माणसं मेली. ती शिरतात कुठून, ते आज कळलं."

मिस्त्रीचा चेहरा राखाडी पडला. हे त्याला खरंच माहीत नसावं.

"आणि पाहुणा?" बाईंनी विचारलं. "सहा वर्षं जाणार होता तो. चहा पाजलात मला, पोरगा चांगला आहे म्हणालात."

"त्याचं नाव येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावर?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. बाईंना खरं तर पुढे बोलायचं नव्हतं, पण राहवेना. "भोक तसंच सोडलं असतंत तर तुम्हाला कुणी हात लावला नसता. चोरीची मोटार होती. पाणी शिरलं असतं तर तुमचं काय जाणार होतं?"

मिस्त्रीनं मान वर केली. पहिल्यांदाच त्याला राग आलेला दिसला.

"मोटार चोरीची होती, बाई. डबा नव्हता."

६

चार वाजता आलेली तुरुंगाची गाडी रिकामी गेली नाही, फक्त माणसं बदलली. पाहुण्याला स्टोअररूममधून बाहेर काढलं तेव्हा त्याला चालता येईना. बसून पाय बधिर झाले होते. बाईंच्या पर्समध्ये फोन सारखा वाजत होता. कंपनीचा होता. त्यांनी तो बंद करून टाकला. नोकरीचं काय ते उद्या कळणारच होतं, आजच कळायची घाई नव्हती.

"चल, घरी चल. आधी जेव," त्या म्हणाल्या.

पण गेटकडे नुसता कल्लोळ माजला होता. सकाळपासून गेट बंद, दिवसपाळीचा माणूस जबाब द्यायला बसलेला, आणि बाहेर ट्रकांची रांग वळणापलीकडे गेलेली. यार्डाचे मॅनेजर पाहुण्यासमोर हात चोळत उभे राहिले. सकाळी त्यांनी याला ओळखही दिली नव्हती. "अरे, तेवढं गेट बघतोस का? तुझ्या पाळीला वेळ आहे, पण..."

 पाय झाडत झाडत पाहुणा गेटपाशी गेला, दांडा उचलला आणि पहिला ट्रक आत येताच हात आडवा करून थांबवला.

"रिकामा आहे रे," ड्रायव्हर ओरडला. "कागद बघ."

"कागद बघितला. आता डबा उघड."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"उघड, दादा. मला घरी जायचंय."

ड्रायव्हरनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दार उघडलं. पाहुणा आत चढला, फळ्यांवर पाय आपटत शेवटपर्यंत गेला, परत आला. "जा." मग दुसरा. मग तिसरा. मागं हॉर्नचा असा गदारोळ उठला की समुद्र ऐकू येईना. मॅनेजर दोनदा सांगायला आले आणि दोनदा तसेच परत गेले.

बाई आपल्या गाडीत पाच मिनिटं बसल्या. उतरल्या. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. पुन्हा बसल्या. तासाभरानं गेटपाशी आल्या.

"अजून किती?"

"सतरा," पाहुणा म्हणाला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "तू जा, ताई. जेवण झाकून ठेव."

बाईंनी रांगेकडे बघितलं. मग पर्स घट्ट बगलेत मारली, बाह्या दुमडल्या आणि पुढच्या ट्रकच्या मागं जाऊन डब्याची कडी धरली. कडी जड होती. दोन्ही हातांनी ओढावी लागली.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "तू त्याच्या मागचा बघ."